चौसष्ट घरं (भाग १४) : मधलं रान त्यालाच पेरू द्या

गेल्या रविवारी परभणीच्या आमच्या वर्गात नववीतल्या एका मुलीनं पटावर तीन चाली मांडल्या. पांढऱ्याचं डी४, काळ्याचा घोडा एफ६. सी४, जी६. घोडा सी३, डी५. तिला सोडायला आलेले आजोबा खुर्चीमागं उभे होते. जिंतूरकडचे शेतकरी, तरुणपणी गावच्या पारावर बुद्धिबळ खेळलेले. ते म्हणाले, "अगं माय, आता तो तुझं प्यादं मारणार, तू घोड्यानं त्याचं मारणार, मग तो मधी दोन प्यादी आणून बसवणार. सगळं रान त्याला देऊन तू काय धुऱ्यावर उभी राहणार?"

पोरीला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही लगेच सुचलं नाही. आजचा भाग म्हणजे त्या आजोबांना आठ दिवस उशिरा दिलेलं उत्तर.

हो आजोबा, धुऱ्यावरच उभं राहायचं. या बचावाचं नाव ग्रुनफेल्ड. आधीच्या भागांत आपण मधल्या चार घरांचं माहात्म्य गायलं होतं: डी४, ई४, डी५, ई५. मध्य ज्याचा त्याचा डाव, हे टाराश यांच्या पिढीनं शिस्तीनं शिकवलं, आणि नवशिक्यानं आधी तेच शिकावं. पहिल्या महायुद्धानंतर मात्र निम्झोविच, रेटी, ब्रेयर अशी काही मंडळी वेगळं बोलू लागली. मध्य ताब्यात हवा, पण तिथं आपलीच प्यादी बसली पाहिजेत असं कुठं लिहिलंय? लांबून उंट-घोड्यांनी धाक ठेवला तरी भागतं. टार्टाकोवर यांनी या पंथाला 'हायपरमॉडर्न' म्हटलं. त्यात थोडी थट्टाही असावी असं मला नेहमी वाटतं.

आता पट मांडा. चौथ्या चालीला पांढरा सी-प्याद्यानं डी५ मारतो, आपण घोड्यानं परत घेतो. तो ई४ करून घोड्याला हुसकावतो. इथं घोडा मागं न्यायचा नाही, सी३वरचा घोडा मारायचा. तो बी-प्याद्यानं परत मारतो. बघा, सी३, डी४, ई४ अशी प्याद्यांची भिंत उभी राहिली. देखणी भिंत! काळ्याकडं मध्यात एकही प्यादं नाही. इथंच नवखा खेळाडू घाबरतो.

घाबरण्याआधी जी७वर उंट ठेवा आणि त्याच्या नजरेची तिरपी रेघ बोटानं ओढा: एफ६, ई५, डी४, आणि पलीकडं सी३, बी२, ए१. मग सी५. मग दुसरा घोडा सी६ला. पांढऱ्याचा घोडा एफ३वर आला तर उंट जी४ला, म्हणजे डी४ची राखण करणाराच जखडला. किल्लेकोट झाला की हत्ती डी८वर. सगळ्यांचा रोख एकाच प्याद्यावर, डी४वर. रान त्यानं पेरलं खरं, पण आता चारी बाजूंनी राखण करता करता त्याच्या सोंगट्या अडकून पडतात. ते प्यादं पुढं सरकलं तर उंटाची वाट मोकळी, आणि पडलं तर भिंतच ढासळली. डी४वर दाब आणता येत नसेल तर मात्र हा बचाव खेळूच नये. मग आजोबांचंच खरं.

ग्रुनफेल्ड हे व्हिएन्नाचे. त्यांनी १९२२ साली हा बचाव मोठ्या स्पर्धांत आणला आणि त्याच वर्षी खुद्द अलेखाइनला याच बचावानं हरवलं. पण हीच चाल त्यांच्या सदुसष्ट वर्षं आधी कलकत्त्यात खेळली गेली होती. खेळणारे होते महेशचंद्र बॅनर्जी. समोर जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश बॅरिस्टर, त्या काळचे नावाजलेले खेळाडू. कलकत्ता चेस क्लबचा एक सभासद कामानिमित्त मुफस्सलात, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, गेला असता त्याला कळलं, की इथल्या एका ब्राह्मणाला आजवर कुणी हरवलेलंच नाही. तो त्यांना शहरात घेऊन आला. पुढं कॉक्रेन आणि महेशचंद्र यांच्यात शेकडो डाव झाले, आणि कॉक्रेन यांनी ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला दिसतात. मुफस्सल हा शब्द वाचला की परभणीत बसून मला उगीचच बरं वाटतं.

महेशचंद्रांनी जी६ करून उंट कोपऱ्यात ठेवण्याची चाल कुठून आणली? एक उत्तर आपल्या देशी बुद्धिबळात सापडतं. त्यात प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर चालतं. दोन घरांची उडी नसल्यामुळं बाजूचं प्यादं एक घर सरकवून उंटाला तिरपी वाट करून देणं ही तिथं सहज सुचणारी गोष्ट. सवय तिकडची, नियम इकडचे, आणि त्यातून निघालेल्या बचावांना युरोपानं पुढं 'इंडियन' हे नाव दिलं.

हे आजोबांना सांगायच्या आधी मी त्यांना पटावर बसवलं. म्हटलं, तुमच्या पाराच्या नियमानं खेळा, काळी घ्या. त्यांनी सवयीनं जी-प्यादं एक घर सरकवलं आणि दोन चालींत उंट जी७वर नेऊन बसवला. नात तोंडावर हात ठेवून हसत होती. ते म्हणाले, "हे निराळं. हे आमचं आहे."

आता शिकायचं कसं? पाठ करून नको. हे मी अनुभवानं सांगतो. मी हा बचाव बारा चालींपर्यंत घोकून नांदेडच्या एका स्पर्धेला निघालो होतो. पूर्णा जंक्शनवर गाडी रखडली, तेवढ्या वेळात खिशातल्या पटावर आणखी एकदा उजळणी केली. समोरच्या मुलानं चौथ्या चालीला प्यादं मारलंच नाही, शांतपणे ई३ केलं. माझ्या बाराच्या बारा चाली गळून पडल्या आणि डाव तासाभरात संपला. त्यानं भिंत बांधलीच नव्हती आणि मी ती पाडायला निघालो होतो.

माझं सोडा. २०१० साली सोफियात विश्वविजेतेपदाच्या पहिल्याच डावात आनंदनं टोपालोवविरुद्ध ग्रुनफेल्ड खेळला. घरची तयारी पक्की होती, पण चालींचा क्रम डोक्यात उलटसुलट झाला. तेविसाव्या चालीला राजा एफ७ला आला, टोपालोवनं एफ६वर घोडा झोकून दिला आणि तिसाव्या चालीला सगळं आटोपलं. सामना पुढं आनंदनंच साडेसहा-साडेपाच असा जिंकला, पण शेवटचा निर्णायक डाव काळ्या सोंगट्यांनी घेताना त्यानं निवडला तो लास्करचा जुना, सोवळा बचाव!

म्हणून आमच्या वर्गात मी चाली लिहून देत नाही. सहाव्या चालीनंतरची मांडणी पटावर ठेवतो आणि एकच प्रश्न विचारतो: डी४वर आत्ता किती जणांचा रोख आहे आणि राखणीला किती? काळ्यानं प्रत्येक चालीनंतर हा हिशेब मोठ्यानं बोलायचा. पंधरा दिवस हेच. गेल्या वर्षीची मुलं कंटाळली, दोघं तर कॅरमकडं गेली. जी उरली ती आता ई३ बघून गोंधळत नाहीत. भिंत नाही तर घाईही नाही, एवढं त्यांना कळतं.

गृहपाठ कलकत्त्याचा, १८५५ सालचा. कॉक्रेन यांनीही चौथ्या चालीला ई३च केलं होतं. अठराव्या चालीनंतरची मांडणी अशी. पांढरा: राजा जी१, वजीर बी३, हत्ती एफ१ आणि बी५, उंट ए३, घोडा एफ७, प्यादी ए२, डी४, ई३, एफ२, जी२, एच२. काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती सी८ आणि ई८, उंट जी७ आणि ई२, घोडा ए५, प्यादी ए७, बी७, ई७, जी६, एच७. महेशचंद्रांनी नुकताच ए५ला घोडा आणून पांढऱ्या वजिरावर रोख धरलाय. पांढऱ्याची चाल, तीन चालींत मात. शेवटच्या क्षणी काळ्या राजाला पळायला घर का उरलं नाही ते नीट बघा: एका घरावर त्याचा हत्ती, एकावर प्यादं, आणि तिसऱ्यावर जी७चा तोच उंट. उत्तर पुढच्या भागात.