एकावर एक खिडक्या आणि माऊसची कळ

देपालपूर हे इंदूर जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण आहे. अशा ठिकाणी खसऱ्याची नक्कल पूर्वी दप्तरातून मिळत असे. आता ती संगणकाद्वारे मिळते. महाराष्ट्रात सातबारा उताऱ्याचेही तसेच झाले आहे. पडद्यावर अर्जाचा नमुना, त्यावर नावांची यादी, तिच्यावर सूचनेची चौकट, अशा ‘खिडक्या’ एकावर एक उघडलेल्या असतात. माऊसची कळ मात्र एकदाच दाबली जाते. ती कोणत्या खिडकीस पोचते, हे प्रत्येकाने जाणून घेणे हिताचे आहे.

डग्लस एंगेलबार्ट यांनी माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को येथे केले. पुढे १९७०नंतरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात एकमेकींवर येणाऱ्या खिडक्या विकसित झाल्या. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ प्रणालीच्या १९८५च्या पहिल्या आवृत्तीत कामाच्या खिडक्या फरशांप्रमाणे शेजारी-शेजारी मांडल्या जात. त्या एकीवर एक ठेवण्याची सोय १९८७च्या दुसऱ्या आवृत्तीत आली.

माऊसला खिडक्यांचे ज्ञान नसते. आपण किती सरकलो व कोणती कळ दाबली गेली, एवढेच तो कळवितो. त्यावरून संगणकाची मूळ प्रणाली पडद्यावरील बिंदू निश्चित करते. तिच्यापाशी सर्व खिडक्यांची वरून खाली अशी क्रमवार यादी असते. सर्वांत वरच्या खिडकीपासून ती तपासू लागते : हा बिंदू हिच्या सीमेत येतो काय? येत नसल्यास ती खालच्या खिडकीकडे वळते. ज्या खिडकीत बिंदू प्रथम सापडतो, तिलाच संदेश मिळतो. मेजावरील कागदांच्या चळतीवर शिक्का मारला, तर तो वरच्याच कागदावर उमटतो, तसाच हा प्रकार होय.

यास काही अपवाद आहेत. कळ दाबून धरून माऊस खिडकीबाहेर ओढला, तरी कळ सोडेपर्यंतचे संदेश मूळ खिडकीकडेच जाऊ शकतात. तसेच उत्तराची वाट पाहणारी प्रश्नपेटी उघडी असताना त्याच आज्ञावलीची मागची खिडकी बहुधा निष्क्रिय ठेवली जाते. ती डोळ्यांस दिसते, पण प्रतिसाद देत नाही. संगणक बिघडला असा समज होतो, तो पुष्कळदा यामुळेच.

धोकाही येथेच आहे. खिडकी पारदर्शक असली तरी ती संदेश स्वीकारू शकते. डोळ्यांस खालचे बटण दिसते, पण संमती नोंदली जाते वरच्या अदृश्य बटणावर. संकेतस्थळांवरील या फसवणुकीकडे २००८ साली संशोधकांनी लक्ष वेधले. त्यानंतर आपले पान दुसऱ्याच्या चौकटीत दाखवू न देण्याची सोय संकेतस्थळांना उपलब्ध झाली. दुसरा धोका घाईचा. बोट कळेवर पडत असतानाच नवी चौकट वर आली, तर होकार तिलाच जातो. म्हणून काही ब्राउझरमध्ये सुरक्षाविषयक प्रश्नपेटीतील बटण क्षणभर निष्क्रिय ठेवतात.

आज्ञावली तयार करणाऱ्यांनी जमीन, पैसा व संमती यांसंबंधीच्या बटणांबाबत अशीच दक्षता घ्यावयास हवी. कर्मचाऱ्यांनी एकाच जागी वारंवार कळ दाबू नये. प्रथम वर कोणती खिडकी आहे ते पाहावे. नागरिकांनीही होकार देण्यापूर्वी समोरची चौकट वाचून घ्यावी, व वाचता येत नसल्यास ती मोठ्याने वाचून दाखविण्याचा आग्रह धरावा.