जीव काय फक्त टॉप मॉडेलचाच असतो?

आम्हाला मोटारींचे वेड आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. वस्तीत पहिली चारचाकी आली तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या पोरांत आम्हीही होतो. आज नुसत्या आवाजावरून गाडी ओळखता येण्याइतके हे वेड वाढले आहे. परंतु वेड असले म्हणून डोळे मिटून घ्यावेत असे नाही. ज्याचे गाडीवर प्रेम आहे त्यानेच तिच्याबद्दल खरे बोलले पाहिजे.

अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते, 'चालकाचा ताबा सुटल्याने'. चालक दोषी, फाईल बंद! गाडी कशी बनवली होती, रस्ता कसा आखला होता, हे कोणी विचारीत नाही. अमेरिकेतही एके काळी हेच चालत असे. 1965 साली राल्फ नेडर यांनी 'अनसेफ ॲट एनी स्पीड' हे पुस्तक लिहून मोटार कंपन्यांना जाब विचारला आणि 1966 साली तेथे वाहन सुरक्षिततेचा कायदा झाला. माणूस चुकतोच. तो चुकला तरी जगला पाहिजे, अशी गाडी बनवणे ही बनवणाऱ्याची जबाबदारी आहे.

आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून जो सीटबेल्ट बांधतो, तो व्होल्व्हो कंपनीचे अभियंता निल्स बोलिन यांनी 1959 साली तयार केला. कंपनीने त्याचे पेटंट सर्वांना वापरू दिले. जीव वाचवणारी वस्तू एकट्याची मालमत्ता असू नये, हा त्यामागचा विचार.

आणि आपल्याकडे काय घडले? 2014 च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशाच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले! त्यात फोक्सवॅगन पोलो होती. तीच पोलो दोन एअरबॅग लावून आदळली, तेव्हा तिला चार तारे मिळाले. गाडी तीच, नाव तेच. फरक एवढाच की एअरबॅग जादा पैसे मोजणाऱ्यासाठी होती. (त्यानंतर कंपनीने एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले.) म्हणजे बेस मॉडेल घेणाऱ्याच्या जिवाची किंमत कमी आणि टॉप मॉडेल घेणाऱ्याची जास्त, असा हा हिशेब होता. हप्ते भरून आयुष्यातली पहिली गाडी घेणारा कारकून किंवा शिक्षक कोणते मॉडेल घेतो, हे वाचकांना सांगायला नको.

पुढे चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली ती 2019 साली, आणि शेजारच्या सीटसाठी 2021 साली. मधल्या काळात शेजारी बसलेल्या आईचा, बायकोचा जीव कायद्याच्या लेखी दुय्यम होता काय? दुचाकीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. 2018 साली 125 सी.सी.च्या वरच्या नव्या मॉडेलना चाक न अडकू देणारे एबीएस ब्रेक सक्तीचे झाले. त्याखालच्या स्वस्त गाड्यांना मात्र साध्या जोडब्रेकवर सूट मिळाली. रस्त्यावर जास्त संख्येने असतो कोण? हाच स्वस्त गाडीवाला!

केंद्राच्या आकडेवारीनुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यातले शंभरातले सुमारे 64 जण दुचाकीवरचे किंवा पायी चालणारे होते. त्यांना ना एअरबॅग, ना तारे. पायी चालणाऱ्याची एअरबॅग म्हणजे फुटपाथ. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले की, चालण्यायोग्य फुटपाथ हा संविधानाच्या 21 व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हा हक्क नगरपालिकेकडे मागायचा असतो, आणि मागितल्याशिवाय तो मिळत नाही, हे आपल्या समाजाला नव्याने शिकवण्याची गरज नाही.

आता दोन शब्द आपल्याच माणसांसाठी. ताशी 60 च्या वेगात गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेकवर पोहोचेपर्यंतच समोरचे पोर गाठलेले असते. वेग दुप्पट केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. मागच्या सीटवरही बेल्ट बांधा. हेल्मेट पोलिसासाठी नव्हे, डोक्यासाठी घाला, आणि त्याचा पट्टा लावा.

आणि सर्वात महत्त्वाचे. दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला निघताना गावोगावी मालवाहू टेम्पो ठरवला जातो. हौद्यात बायका, म्हातारी माणसे, कडेवरची लेकरे. तो हौदा सिमेंटच्या गोण्यांसाठी बनवलेला आहे. त्याला ना सीट, ना बेल्ट, ना छप्पर. आम्हाला त्यांच्या श्रद्धेबद्दल आदर आहे, त्यांच्या खिशाचीही जाणीव आहे. म्हणूनच मंडळांना आमची विनंती आहे की, वर्गणीतून आधी एस.टी.ची गाडी ठरवा, उरलेल्या पैशांत बॅनर लावा. बॅनर लहान झाला तरी चालेल. गेलेली सगळी माणसे घरी परत आली पाहिजेत.