नैराश्याची लक्षणे : बेरीज आणि साखळी

नैराश्य हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. मोर्चाला माणसे कमी आली तरी नैराश्य, निकाल बिघडला तरी नैराश्य. वैद्यकाच्या लेखी मात्र तो एक आजार आहे, आणि तो ओळखण्याची रीत ठरलेली आहे. खिन्न मन, कशातच गोडी न वाटणे, झोप बिघडणे, भूक बिघडणे, थकवा, हालचाल मंदावणे किंवा सारखी तगमग, आपण नालायक आहोत किंवा अपराधी आहोत असे वाटणे, चित्त न लागणे आणि मरणाचे विचार ही नऊ लक्षणे. पहिल्या दोहोंपैकी एक धरून यांतील पाच दोन आठवडे टिकली आणि रोजचे जगणे अडले, की निदान होते.

ही झाली बेरीज. पण बेरजेत माणूस हरवतो. अमेरिकेतील ३७०३ रुग्णांची लक्षणे फ्रीड आणि नेसी या संशोधकांनी २०१५ साली तपासली, तेव्हा लक्षणांच्या १०३० निरनिराळ्या जुळण्या निघाल्या. एकाच नावाखाली एवढे वेगवेगळे आजारपण!

अॅमस्टरडॅमचे डेनी बोर्सबूम आणि त्यांचे सहकारी वेगळी मांडणी करतात. लक्षणे म्हणजे आतल्या एकाच आगीचा धूर नव्हे. ती एकमेकांना पेटवतात. वसतिगृहातला एखादा विद्यार्थी घ्या. झोप नाही म्हणून थकवा, थकव्यामुळे वाचलेले डोक्यात राहत नाही, राहत नाही म्हणून ‘आपली लायकीच नाही’ हा विचार, आणि तोच विचार रात्री डोळा लागू देत नाही. यातली लायकीची कडी त्याच्या एकट्याच्या मनात तयार होत नाही, हे या वाचकांना सांगायला नको. ती त्याच्या हाती बाहेरून, लहानपणापासून दिली जाते. अर्थात ही मांडणीही अपुरी आहे. पुष्कळ माणसांच्या सरासरीवरून काढलेले जाळे एका माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही, आणि कोण कोणाला पेटवते हे एकवेळच्या मोजणीतून कळत नाही.

तरीही उपचार समजून घ्यायला ती उपयोगी आहे, कारण लक्षणे एकदम उठून जात नाहीत. औषधाचा पुरता परिणाम दिसायला काही आठवडे जातात. पुष्कळदा आधी झोप, भूक, हालचाल सुधारते. निराशा मागे रेंगाळते. अंगात बळ आले आहे, पण मन अजून मरणाकडेच आहे, असा हा मधला काळ धोक्याचा असतो, हा डॉक्टरांचा जुना अनुभव आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली मुलांसाठी आणि २००७ साली चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी या औषधांवर इशारा छापायला लावला, तोही उपचाराच्या सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात म्हणूनच. इशारा लक्ष ठेवण्याचा आहे; औषध आपल्या मनाने बंद करण्याचा नव्हे.

नेमके याच वेळी आपण कार्यकर्ते ‘आता हिंडाफिरायला लागला, सुधारला’ म्हणून जाणे-येणे कमी करतो. खरे तर तेव्हाच शेजारी बसून सरळ विचारावे, ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. उलट बोलायला वाट मिळते. येतात म्हणाला, तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ हा सरकारी दूरध्वनीही आहे.

शेवटपर्यंत चिवटपणे राहतात ती झोपेची तक्रार, थकवा आणि चित्त न लागणे. अशी लक्षणे उरली तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. म्हणून वर्गात परतलेला मुलगा हसूखेळू लागला, पण पानभर वाचून त्याला काही सांगता आले नाही, तर शिक्षकाने त्याला आळशी ठरवू नये. त्याचा उपचार अजून चालू आहे.