‘सर्वांसाठी’ हा शब्द कुठे गळाला?

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी सकाळी फिरताना हल्ली माझ्या कानात पॉडकास्ट असतो. निवृत्तीनंतर जडलेली ही सवय. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’सारख्या कार्यक्रमात एकेका पाहुण्याशी कित्येक तास संवाद चालतो. सचिवालयातल्या तीस-पस्तीस वर्षांत कोणी कोणाचे इतका वेळ ऐकून घेतल्याचे मला आठवत नाही. परदेशी कार्यक्रमांत लॉरेन्स लेसिग यांच्यासारखे विचारवंत भेटतात. संस्कृती ही आधीच्यांच्या कामावर उभी राहते, म्हणून स्वामित्वहक्काचे कुंपण बेताचेच असावे, हा त्यांचा युक्तिवाद. इंटरनेट, शिक्षण, सर्जनशीलता, खुले संशोधन असे विषय फिरून फिरून येतात. ऐकताना वाटते, ज्ञानाभोवतीच्या भिंती केव्हाच पडल्या.

घरी येऊन संगणक उघडला की भिंत जागच्या जागी असते. मध्य प्रांतात १८६० च्या दशकात झालेल्या मालगुजारी बंदोबस्तावरचा एक शोधनिबंध मला हवा होता. मी इतिहासाचा विद्यार्थी. नोकरीत निम्मे आयुष्य जमीन महसुलात गेले, त्यामुळे हा विषय सुटत नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळाने एका निबंधाचे चाळीसेक डॉलर मागितले, किंवा ‘आपली संस्था निवडा’ असा पर्याय दिला. मला आता संस्था नाही, निवृत्तिवेतन आहे.

ही कुरकुर एका पेन्शनराची म्हणून सोडून देता आली असती. पण याच प्रश्नावर केंद्र सरकारने सहा हजार कोटी रुपयांचा निर्णय घेतला आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मंजुरी दिली. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,३०० हून अधिक सरकारी उच्च शिक्षण आणि संशोधन संस्थांना मिळतील. लाभार्थी जवळपास १.८ कोटी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे समन्वय. वर्षाला दोन हजार कोटी धरले तर माणशी खर्च अकराशे रुपयांच्या आसपास येतो. जबलपूर किंवा सागरच्या एखाद्या सरकारी महाविद्यालयातल्या मुलीला आयआयटीच्या विद्यार्थ्याइतकेच वाचायला मिळावे, ही कल्पना उत्तम आहे. आमच्या काळी एका नियतकालिकाची वर्गणी भरायची तर ग्रंथपालाला तीन सह्या गोळा कराव्या लागत आणि तोवर अंक जुना होई.

मात्र या योजनेचा उगम पाहिला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा मसुदा प्रसिद्ध झाला. सरकारने प्रकाशकांशी एकदाच वाटाघाट करावी, एकरकमी मोबदला द्यावा आणि त्या बदल्यात भारतातल्या प्रत्येक व्यक्तीला शोधनिबंध वाचता यावेत, असा प्रस्ताव त्यात होता. संस्थेची अट नव्हती. चार वर्षांनी योजना आली तेव्हा नाव तेच राहिले, ‘प्रत्येक व्यक्ती’ गेली. खासगी महाविद्यालये गेली, सार्वजनिक ग्रंथालये गेली, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर गेला, स्वतंत्र पत्रकार गेला.

नस्तीतून शब्द कसा गळतो हे मला ठाऊक आहे. त्यात कटकारस्थान नसते. वित्त विभाग विचारतो, लाभार्थी किती? ‘सर्व’ हा आकडा नव्हे. मग कोणी सहसचिव मोजता येतील अशा संस्थांची यादी जोडतो, यादी जोडली की तीच व्याख्या होते, आणि पुढच्या टिप्पणीत मूळ शब्द कोणी शोधत नाही. प्रकाशकांनाही मोजता येणारा ग्राहकच हवा असतो. अशा टिप्पण्या मीही लिहिल्या आहेत.

यादीबाहेरच्या माणसाने वाचल्याने काय साधते, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच देशात मिळाले होते. २००८ मध्ये सीएसआयआरने क्षयरोगाच्या औषधासाठी ‘ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी’ हा प्रकल्प सुरू केला. मोठ्या औषध कंपन्यांना गरिबांच्या या आजारात फारसा रस नव्हता. तेव्हा संशोधन उघड्यावर करायचे, जो येईल त्याला काम द्यायचे, असे ठरले. क्षयाच्या जंतूच्या सुमारे चार हजार जनुकांविषयी जगभर जे प्रसिद्ध झाले होते ते वाचून, जुळवून, नव्याने नोंदवण्याचे काम देशभरातल्या शेकडो विद्यार्थ्यांनी ऑनलाइन केले. त्यासाठी स्वतःची प्रयोगशाळा लागत नव्हती. निबंध मात्र हाती असावे लागत. पुढे निधी आटला आणि प्रकल्प मंदावला. त्यातून बाजारात औषध आले नाही, हेही नमूद केले पाहिजे. पण वाचायला मिळाले तर अनोळखी माणसेही कामाला येतात, एवढे त्याने दाखवले.

दुसरीकडे चोरवाट बंद होत आहे. ‘साय-हब’ या संकेतस्थळाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतात बंद करण्याचा आदेश झाला. कायद्याने पाहता तो दावा सहज समजतो. पण चोरवाट बंद करताना मुख्य दार कोणासाठी उघडे आहे, हे पाहणे शासनाचे काम होते. शासनाला घाई करता येत नाही असेही नाही. रवींद्रनाथांच्या साहित्याचा स्वामित्वहक्क १९९१ च्या अखेरीस संपत होता. विश्वभारतीसाठी वटहुकूम निघाला आणि सगळ्या देशाची मुदत पन्नासाची साठ वर्षे झाली. हक्क राखायला दिल्ली इतक्या तत्परतेने धावली होती.

इथे एक कबुली द्यायला हवी. महाकोशलातल्या एका जिल्ह्यात मी जिल्हाधिकारी असताना स्थानिक महाविद्यालयातले एक प्राध्यापक अभिलेख कक्षातले जुने बंदोबस्त अहवाल पाहू द्या म्हणून अर्ज घेऊन आले होते. कागद शंभरहून अधिक वर्षांचे, त्यात गोपनीय काही नाही. मी अर्जावर ‘नियमानुसार अनुज्ञेय नाही’ असे लिहिले. कोणता नियम, ते पाहिले नाही. त्यांनी दुसऱ्यांदा अर्ज केला नाही. आज मी त्याच अहवालांवरचा निबंध शोधत संगणकासमोर बसतो, तेव्हा ते गृहस्थ आठवतात.

निबंध अखेर मिळाला. लेखिकेला ईमेल केला, दोन दिवसांत तिने प्रत पाठवली. वर, तिला प्रकाशकाकडून एक पैसाही मिळालेला नाही, हे कळवले. बहुतेक शोधनिबंधांचे असेच असते. संशोधनाचा खर्च जनता करते, लिहिणारा फुकट लिहितो, तपासणारा फुकट तपासतो आणि शेवटी जनतेच्याच पैशाने वर्गणी भरली जाते.

म्हणून पहिला उपाय वर्गणीच्या बाहेरचा आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच धोरण केले, की त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाची स्वीकृत प्रत खुल्या भांडारात ठेवावी. त्याच्या पालनाची पुढच्या अनुदानाशी पक्की सांगड घालायला हवी. ती घालायला नवा कायदा लागत नाही, परिपत्रक पुरते. दुसरा उपाय वाटाघाटीतला. सध्याचे करार २०२७ अखेर संपतात, म्हणजे नूतनीकरणाची नस्ती त्याआधी वर्षभर तरी फिरू लागेल. जिल्हा ग्रंथालयातल्या एका संगणकावर, ओळखपत्र दाखवून, कोणालाही वाचता यावे, एवढी एक अट त्या नस्तीत घालायची आहे. वित्त विभागाने लाभार्थी किती असे विचारले, तर संगणकांची संख्या सांगता येईल.