कॅस्ट्रोतली गुप्तहेर

‘केपर इन द कॅस्ट्रो’ (१९८९) हा समलिंगी व्यक्तिरेखांभोवती रचलेल्या सर्वांत जुन्या ज्ञात व्हिडिओ गेमपैकी एक. सी. एम. राल्फ यांनी तो मॅकिंटॉश संगणकावर, हायपरकार्ड हे सॉफ्टवेअर वापरून घडवला. कृष्णधवल चित्रांवर क्लिक करत जायचं. समलिंगी गुप्तहेर ट्रॅकर मॅकडाइक सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो वस्तीत बेपत्ता ड्रॅग क्वीन टेसी लाफेमचा शोध घेते. त्या काळी गेममध्ये लैंगिकता अनेकदा बक्षिसासारखी यायची: ‘मेट्रॉइड’मध्ये (१९८६) तासाभरात गेम संपवला की बक्षीस म्हणून नायिका सामस बिकिनीत दिसे. राल्फ यांनी मात्र लैंगिकता माणसांच्या रोजच्या जगण्यासारखी सहज मांडली, हे त्यांचं मोठेपण. गेम मोफत होता. एड्ससाठी काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यावी, एवढीच विनंती. पुढे समलिंगी संदर्भ काढून तोच ‘मर्डर ऑन मेन स्ट्रीट’ नावाने विकला गेला. मूळ गेम आता इंटरनेट आर्काइव्हवर जपलेला आहे.