विमानतळावरील वाहनतळ : पेण व रोहा येथील प्रवाशांच्या खर्चाचा विचार

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि 25 डिसेंबर 2025 पासून तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. तोपर्यंत दक्षिण रायगडमधील प्रवाशास वाशीची खाडी ओलांडून, मुंबईच्या वाहतूक कोंडीतून सहार गाठावे लागत असे. नवा विमानतळ पेणपासून रस्त्याने सुमारे 40 कि.मी., तर रोह्यापासून सुमारे 80 कि.मी. अंतरावर आहे. अंतर घटल्यामुळे स्वतःचे वाहन नेण्याकडे कल वाढणे स्वाभाविक होय. मात्र ते वाहन ठेवावयाचे कोठे व किती खर्चात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वाहनतळाचा दर का चढा असतो?

एका मोटारीस लागणारी जागा वरकरणी वाटते त्याहून पुष्कळ अधिक असते. ये-जा करण्याच्या मार्गिकेसह खुल्या जागेत सुमारे 23 चौ.मी. व तळघरात सुमारे 32 चौ.मी. हे नगररचनेतील प्रचलित प्रमाण आहे. टर्मिनललगतच्या अशा एका जागेत आप्तांना घ्यावयास आलेल्या अनेक मोटारी दिवसभरात आळीपाळीने उभ्या राहू शकतात. आठवडाभर हलविली न जाणारी एकच मोटार त्या सर्वांची जागा अडविते. म्हणून जवळची जागा तासाच्या हिशेबाने महाग आणि दूरची जागा दिवसाच्या हिशेबाने तुलनेने स्वस्त, अशी रचना जगभर आढळते. प्रवाशाने आरक्षणापूर्वीच दोहोंचे दर ताडून पाहावेत.

याला महसुलाचीही बाजू आहे. 2016 च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणानुसार वाहनतळ, दुकाने इत्यादी बिगर-वैमानिक उत्पन्नापैकी 30 टक्के रक्कमच विमानविषयक शुल्क ठरविताना प्रवाशाच्या बाजूने विचारात घेतली जाते; उर्वरित लाभ चालकाकडे राहतो. त्यामुळे वाहनतळ ओस पडावा, अशी सार्वजनिक बससेवा उभारण्याची चालकास विशेष निकड भासेल, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल.

ठेवावे की सोडून परत न्यावे?

आखातात निघालेल्या मुलास सोडावयास सारे घर विमानतळावर जाते, ही कोकणातील जुनी रीत. या रीतीचा खर्च सहसा कोणी मांडत नाही. मोटार विमानतळावर ठेवल्यास एकच जाणे-येणे होते. सोडावयास व आणावयास गेल्यास दोन होतात. उदाहरणादाखल मोटारीचा खर्च दर कि.मी. 10 रुपये आणि वाहनतळाचा दर दिवसाला 400 रुपये गृहीत धरू. पेणच्या प्रवाशास जादा फेरीचे 80 कि.मी., म्हणजे 800 रुपये पडतात. हे दोन दिवसांचे वाहनतळ शुल्क होय. रोह्याच्या प्रवाशास 160 कि.मी.चे 1600 रुपये, म्हणजे चार दिवसांचे शुल्क. अर्थात तीन दिवसांच्या प्रवासासाठी पेणकराने मोटार परत पाठवावी आणि रोहेकराने ती तेथेच ठेवावी, हे किफायतशीर ठरते. प्रत्यक्ष दर बदलले तरी पद्धत हीच राहील. सोडावयास जाणाऱ्याचा बुडालेला दिवस यात धरलेला नाही. तो धरल्यास पारडे आणखी वाहनतळाकडे झुकते.

आठ-पंधरा दिवसांच्या प्रवासात मात्र दोन्ही पर्याय महागच. तेथे मोटार घरीच ठेवून दिवा-रोहा रेल्वेमार्गाने पनवेल गाठणे आणि पुढील काही किलोमीटर रिक्षा वा टॅक्सीने जाणे सर्वांत स्वस्त पडते. रेल्वेने रोहा-पनवेल अंतर सुमारे 75 कि.मी. असून पेण स्थानक याच मार्गावर आहे. अडचण वेळेची आहे. या मार्गावरील स्थानिक गाड्या मोजक्या, आणि पहाटेच्या विमानास त्यांचे वेळापत्रक जुळणे कठीण. एस.टी.च्या रायगड विभागाचे कार्यालय पेणजवळ रामवाडी येथे आहे. पेण व रोहा या दोन्ही ठिकाणी आगारे आहेत. रात्री उशिरा रोह्याहून निघून नागोठणे, वडखळ, पेणमार्गे थेट टर्मिनलपर्यंत जाणारी एक बस आणि आगाराच्या आवारात मोटारींसाठी माफक दराची राखीव जागा, एवढी व्यवस्था झाल्यास टर्मिनललगतच्या महाग जागेची गरज येथील बहुतेक प्रवाशांना उरणार नाही.