गळ, बोट आणि डोक्यावरचे छत

मार्च सरला की गंगापूर धरणाच्या पाण्यावर सकाळी नऊपासूनच ऊन डोळ्यांत खुपू लागते. गळ टाकून रोहू-कटल्याची वाट पाहणाऱ्याला सावली हवीच. कापडी छत एक-दोन उन्हाळ्यांत विरते, वळवाच्या वाऱ्यात फडफडते आणि एखाद्या गारपिटीत फाटूनही जाते. मग पंधरा-सोळा फुटी फायबरच्या बोटीवर पक्के, टणक छत, ज्याला जाणकार ‘हार्डटॉप’ म्हणतात, ते बसवून घ्यावे, असा विचार मनात येतो. विचार चांगला आहे. मात्र बोटीचे छत म्हणजे गच्चीवरची शेड नव्हे, हे काम सुरू करण्यापूर्वी समजून घेतले पाहिजे.

बोट कलंडली की पाणी तिला पुन्हा सरळ करते, हा आपला सर्वांचा अनुभव आहे. हे सरळ होणे तिचा गुरुत्वमध्य किती खाली आहे, यावर अवलंबून असते. एक उदाहरण घेऊ. माणसांसह बोटीचे वजन ९०० किलो आणि गुरुत्वमध्य तळापासून ६० सेंटिमीटरवर आहे, असे धरू. तिच्यावर २.३ मीटर उंचीला ६० किलोचे छत बसवले, तर गुरुत्वमध्य जवळपास ११ सेंटिमीटर वर सरकतो. आता ७५ किलोचा एक माणूस आतून उठून त्या छतावर जाऊन बसला, तर तो आणखी १४ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे छतापेक्षा छतावरचा माणूस अधिक धोक्याचा! छोट्या बोटीजवळ स्थैर्याची जी शिल्लक असते ती सेंटिमीटरांच्याच हिशेबात मोजायची असते. म्हणून छताला शिडी लावू नये आणि वर बसण्याजोगे कठडेही करू नयेत.

केरळातील दोन दुर्घटना येथे आठवतात. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटून ४५ जणांचा मृत्यू झाला. ७ मे २०२३ रोजी तानूर येथे मासेमारीची बोट पर्यटनासाठी बदलून चालवली जात असताना उलटली आणि २२ जीव गेले. दोन्ही ठिकाणी बोटी मोठ्या होत्या, गर्दी होती आणि कारणे अनेक होती. तरीही उंचावरचे वजन आणि मूळ रचनेत केलेला बदल किती महाग पडू शकतो, हे त्यातून दिसते.

आपल्याकडे पत्र्याच्या शेड बांधणारे कसबी कारागीर सातपूर-अंबडला मुबलक आहेत. ‘मजबूत करून देतो’ ही त्यांची सवय मात्र येथे आडवी येते. एक इंची मध्यम जाडीचा लोखंडी पाइप मीटरला सुमारे अडीच किलो भरतो. वीस मीटर पाइप लागला की पत्रा टाकण्याआधीच ५० किलो झाले. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश असते. त्यामुळे सांगाडा ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा आणि वर मध्ये फोम घातलेला फायबरचा पातळ पत्रा, ही जोडी परवडत असेल तर तीच निवडावी. छताची लांबी-रुंदी गरजेपुरतीच ठेवावी. गळ डोक्यावरून मागे नेऊन फेकायचा असतो, म्हणून बोटीचा मागचा भाग उघडा राहिलेलाच बरा. बसून मासेमारी करणाऱ्याने उभे राहण्याइतकी उंची ठेवण्याचा हट्ट सोडावा. प्रत्येक वीत खाली आलेले छत बोटीला स्थिर करते.

वाऱ्याचा हिशेब वेगळा आहे. नुसते आडवे छत बाजूने येणाऱ्या वाऱ्याला फारसे अडवत नाही. पण त्याला बाजूंनी पडदे लावले की त्याचे शीड होते. तीन चौरस मीटरच्या पडद्यावर ताशी ५० किलोमीटरचा झोत आला, तर सुमारे ४० किलो भाराइतका रेटा बसतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट होतो. बोट उलटायला समुद्रच लागतो, असे नाही. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या पाणलोटात, कळाशी ते कुगाव या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट बुडून सहा जणांचा अंत झाला. पडद्यांचा आणखी एक दोष आहे. बोट पालथी झाली की जीवरक्षक जाकीट माणसाला वर, म्हणजे उलट्या बोटीच्या तळाशी दाबून धरते. पडदे बंद असतील तर बाहेर निघायला वाटच उरत नाही. पडदे लावायचेच असतील, तर एका झटक्यात सुटणारे लावावेत आणि वारा सुटताच गुंडाळावेत.

वारा छताला खालून उचलतोही. म्हणून खांब नुसत्या स्क्रूने फायबरवर बसवू नयेत. आरपार बोल्ट, खाली हाताच्या पंजाएवढी धातूची पट्टी आणि भोकांत पाणी शिरू नये म्हणून सीलंट, एवढे हवेच. फायबरच्या दोन थरांमध्ये लाकूड असेल, तर ओल शिरून ते आतल्या आत कुजते आणि वरून काहीच दिसत नाही. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमला थेट टेकू देऊ नयेत. मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा.

यांत्रिक बोटीच्या रचनेत फेरफार करण्याआधी परवानगीचीही बाब आहे. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार ती घ्यावी लागते. महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आधी चौकशी केलेली बरी. काम झाल्यावर छत उतरवणे फार जिवावर येते.

छत बसवण्यापूर्वी आणि नंतर एक साधी चाचणी घरच्या घरी करता येते. काठाजवळच्या शांत पाण्यात, जाकीट घालून, बोट एका बाजूला हलकेच दाबून सोडावी आणि दहा हेलकाव्यांना किती सेकंद लागतात ते मोजावे. आधी झटपट डुलणारी बोट आता आळसावल्यासारखी, संथ डुलत असेल आणि एका बाजूला क्षणभर रेंगाळत असेल, तर छत जड झाले आहे. ते खोल पाण्यात नेण्यापूर्वी कमी करावे किंवा काढून टाकावे.